खताची रांग कोणी लावली?

खताचा तुटवडा पडला की राज्यकर्त्यांकडे दोन उत्तरे तयार असतात. पहिले असे की, तुटवडा मुळी नाहीच. वितरणात किंचित विस्कळीतपणा आहे, तरी शेतकऱ्यांनी घाबरून साठा करू नये. दुसरे असे की, दोष परदेशातील युद्धाचा, परदेशातील निर्यातबंदीचा आणि जहाजांच्या वाढलेल्या भाड्याचा आहे. २०२१ आणि २०२४ च्या रब्बीत डीएपीसाठी व २०२५ च्या खरिपात युरियासाठी अनेक राज्यांत रांगा लागल्या, तेव्हा ही दोन्ही उत्तरे आळीपाळीने, क्वचित एकाच निवेदनात, देण्यात आली. तुटवडा नसेल तर त्याचे कारण युद्ध कसे असेल, हा प्रश्न विचारण्याची तसदी फारशी कोणी घेतली नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये उत्तर प्रदेशातील ललितपूर जिल्ह्यात खताच्या रांगेत उभा असलेला एक शेतकरी मरण पावला. त्याच्या मृत्यूचा उलगडा ‘विस्कळीतपणा’ या सरकारी शब्दाने होतो काय?

ही रांग एका हंगामात लागलेली नाही. ती दिल्लीत, शांत डोक्याने, तीस वर्षांच्या निर्णयांनी लावलेली आहे.

या देशात मोठ्या प्रमाणावर खत निर्माण करण्याची कल्पना एखाद्या उद्योगपतीच्या नफ्याच्या हिशेबातून जन्मली नाही. ती १९४३ च्या बंगालच्या दुष्काळातील प्रेतांच्या राशींमधून जन्मली. त्याच वर्षी नेमलेल्या अन्नधान्य धोरण समितीने देशात वर्षाला साडेतीन लाख टन अमोनियम सल्फेट तयार व्हावे अशी शिफारस केली, आणि १९५१ साली बिहारमधील, आताच्या झारखंडमधील, सिंद्री येथे सरकारी कारखान्यातून उत्पादन सुरू झाले. खत ही विक्रीची वस्तू असण्याआधी अन्नाची पूर्वअट आहे, ही जाणीव त्या पिढीच्या राज्यकर्त्यांना होती. ते समाजवादी होते असे नव्हे. भुकेची आठवण ताजी होती, एवढेच.

ही जाणीव पहिल्यांदा डळमळली ती १९६५ साली. गव्हासाठी अमेरिकेच्या जहाजांकडे डोळे लावून बसलेल्या भारताचे अन्नमंत्री सी. सुब्रमण्यम आणि अमेरिकेचे कृषिमंत्री ऑर्व्हिल फ्रीमन यांच्यात त्या वर्षी नोव्हेंबरात रोम येथे समझोता झाला. पुढच्याच महिन्यात, परदेशी भांडवलाच्या सहभागाने उभारल्या जाणाऱ्या नव्या खत कारखान्यांना किंमत आणि वितरण ठरविण्याची काही वर्षांपुरती मोकळीक जाहीर झाली. ज्याच्या ताटात धान्य नाही त्याला कारखान्याच्या मालकीविषयी आग्रह धरता येत नाही, हा धडा त्या वेळी अमेरिकेने भारताला दिला. गंमत अशी की, एवढे वाकूनही परदेशी भांडवल अपेक्षेच्या मानाने थोडेच आले. खताची निर्मिती वाढविण्याचे मोठे काम सार्वजनिक कारखान्यांनी आणि १९६७ साली स्थापन झालेल्या इफ्कोसारख्या सहकारी संस्थेने केले. १९७७ साली जनता सरकारच्या काळात कारखान्यांना उत्पादनखर्चाची हमी आणि शेतकऱ्याला निश्चित किंमत देणारी पद्धत सुरू झाली. १९७८ साली ट्रॉम्बेचे कारखाने राष्ट्रीय केमिकल्स या नव्या सार्वजनिक कंपनीकडे आले, आणि १९८५ साली अलिबागजवळ थळ येथे बॉम्बे हायच्या वायूवर युरिया होऊ लागला. त्यासाठी जमिनी कोकणातील शेतकऱ्यांच्या गेल्या, हेही येथे नोंदवले पाहिजे.

१९७७ च्या पद्धतीत दोष होते. खर्च फुगवून दाखवणाऱ्या आणि क्षमता कमी नोंदवणाऱ्या कंपन्यांची तिने चंगळ केली. त्यावर उपाय कारखान्यांचे हिशेब तपासण्याचा होता. सरकारने मात्र हिशेब तपासण्याऐवजी जबाबदारीच सोडून दिली. जुलै १९९१ च्या अर्थसंकल्पात खतांच्या किमती ४० टक्क्यांनी वाढविण्यात आल्या. संसदेत आणि संसदेबाहेर काहूर उठल्यावर ती वाढ ३० टक्क्यांवर आणून लहान व सीमांत शेतकऱ्यांना वगळण्यात आले. ऑगस्ट १९९२ मध्ये स्फुरद आणि पालाश यांच्या किमतींवरील नियंत्रण उठले. या खतांची आयातही १९९२-९३ मध्ये खासगी व्यापाराला खुली झाली. किमती इतक्या भडकल्या की काही आठवड्यांतच तात्पुरती सवलत जाहीर करावी लागली. ज्या बाजारावर विश्वास टाकला तो एक हंगामही पेलू शकला नाही. पण विश्वास काही ढळला नाही.

पुढे २००२ साली सिंद्री, गोरखपूर, रामगुंडम, तालचेर, बरौनी, दुर्गापूर, हल्दिया येथील सरकारी कारखान्यांवर कायमचे कुलूप घालण्याचा निर्णय झाला. यंत्रे जुनी होती, तोटा मोठा होता, काही ठिकाणी उत्पादन आधीच बंद होते. हे खरेच आहे. परंतु जुनी यंत्रे बदलण्यासाठी लागणारा पैसा वर्षानुवर्षे नाकारायचा आणि मग यंत्रे जुनी झाली म्हणून कारखाना बंद करायचा, ही कारभाराची रीत नव्हे, ती गळा घोटण्याची रीत आहे. खासगी क्षेत्र ही पोकळी भरून काढील असे सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात १९९० च्या दशकानंतर जवळजवळ दोन दशके देशात युरियाचा एकही नवा मोठा कारखाना उभा राहिला नाही. जे खासगी कारखाने नंतर आले तेही सरकारने परताव्याची हमी दिल्यावरच आले. आणि शेवटी गोरखपूर २०२१ साली, रामगुंडम २०२२ साली, सिंद्री व बरौनी २०२४ साली मोठ्या समारंभाने राष्ट्राला अर्पण झाले, तेव्हा त्यांच्या मागे उभ्या होत्या कोल इंडिया, एनटीपीसी, इंडियन ऑइल यांसारख्या सार्वजनिक कंपन्याच. तालचेरची पायाभरणी २०१८ साली ३६ महिन्यांच्या वायद्याने झाली; तो वायदा कधीच उलटून गेला.

२०१० साली आणखी एक शहाणपण सुचले. स्फुरद-पालाशाला ठरावीक अनुदान द्यायचे आणि विक्रीची किंमत कंपन्यांवर सोडायची; युरियाची किंमत मात्र बांधलेलीच ठेवायची. परिणाम कोणत्याही कुणब्याला आधीच सांगता आला असता. डीएपी आणि पोटॅशच्या किमती दोन-तीन वर्षांत दुपटीहून अधिक झाल्या आणि शेतकरी स्वस्त युरियाकडे वळला. नत्र, स्फुरद, पालाश यांचे आदर्श प्रमाण ४:२:१ मानतात. ते २००९-१० साली ४.३:२:१ होते; २०१२-१३ साली ८.२:३.२:१ झाले. आता तेच पंडित शेतकऱ्याला उपदेश करतात की, बाबा रे, युरिया फार टाकतोस, जमीन बिघडते.

मग २०२२ साल उजाडले. चीनने आदल्या वर्षीच निर्यात आवळली होती. युक्रेनमध्ये युद्ध पेटले. बेलारूस व रशियाचा पोटॅश अडला. भारत पोटॅश जवळजवळ सर्व, डीएपीचा कच्चा माल बहुतांशी आणि युरियासाठी लागणारा वायू फार मोठ्या प्रमाणावर आयात करतो. २०२२-२३ साली खत अनुदानाचा आकडा अडीच लाख कोटी रुपयांच्या घरात गेला. हा आकडा दाखवून शेतकऱ्यावर उपकारांची यादी वाचली जाते. पण त्या वर्षी त्याच्या हाती जास्तीची एक गोणीही पडली नाही. जास्तीचा पैसा गेला तो वायू आणि खत विकणाऱ्या परदेशी कंपन्यांकडे. देशातील कारखाने बंद ठेवून जे वाचवले असे सांगितले जात होते, त्याची ही व्याजासह वसुली होय.

यावर आता नवा तोडगा मांडला जातो: अनुदानच काढा, किंमत मोकळी सोडा आणि शेतकऱ्याच्या खात्यात रोख रक्कम भरा. एप्रिल २०२१ मध्ये बाराशे रुपयांची डीएपीची गोणी एकोणीसशेला जाहीर झाली होती. शेतकऱ्यांच्या संतापामुळे मे महिन्यात सरकारला गोणीमागचे अनुदान पाचशेवरून बाराशे करावे लागले. खात्यातली रक्कम ठरावीक असती तर मधले सातशे रुपये कोणी भरले असते? शिवाय रक्कम जाणार ती ज्याचे नाव सातबाऱ्यावर आहे त्याच्या खात्यात. बटईने जमीन कसणाऱ्याने काय करायचे? घाम त्याचा, कर्ज त्याचे, आणि खाते मालकाचे!

अनुदान आज न्याय्य रीतीने वाटले जाते असे मात्र कोणी समजू नये. महाराष्ट्राची सुमारे चार पंचमांश शेती पावसावर आहे. खताचा मोठा वाटा पाणी असलेल्याच्या उसाला जातो आणि ज्वारी, तूर, सोयाबीन पेरणारा कोरडवाहू शेतकरी ऐन वाफशाच्या वेळी रिकाम्या हाताने परततो. हा प्रश्न पाणीवाटपाच्या प्रश्नापासून वेगळा काढता येणार नाही, आणि सहकारातील साखरसम्राटांना दुखावण्याची तयारी नसलेल्यांनी त्याला हातही घालू नये. रासायनिक खत टाकूनच द्या, असे सांगणाऱ्यांनी श्रीलंकेकडे पाहावे. २०२१ साली तेथील सरकारने एका फटक्यात रासायनिक खतांवर बंदी घातली. भाताचे पीक घसरले, तांदूळ आयात करावा लागला आणि काही महिन्यांत बंदी मागे घ्यावी लागली. शेणखत, कंपोस्ट, द्विदल पिकांचा फेरपालट हे सारे वाढलेच पाहिजे. पण ते जमिनीच्या आणि जनावरांच्या गतीने वाढते, फतव्याच्या गतीने नव्हे.

तेव्हा मागणी भावापुरती ठेवून भागणार नाही. शेतकरी संघटनांनी गोणीच्या किमतीसाठी रस्ते अडवले, परंतु कारखाने बंद होत असताना त्या बहुतेक गप्प राहिल्या. ते कामगारांचे भांडण आहे अशी समजूत होती. देशातला वायू आधी खत कारखान्यांना मिळाला पाहिजे. परदेशातील खतासाठी दीर्घ मुदतीचे करार एकाच सार्वजनिक यंत्रणेने केले पाहिजेत. तालचेर नक्की केव्हा सुरू होणार, याचे उत्तर संसदेत मागितले पाहिजे.

आणि तालुक्यात उद्यापासून करण्यासारखेही काम आहे. युरिया हवा तर सोबत नको असलेली औषधाची बाटली किंवा दुसरे खत घ्या, ही ‘लिंकिंग’ची सक्ती राजरोस चालते; विक्रेता कंपनीकडे बोट दाखवतो, कंपनी विक्रेत्याकडे. १९८५ च्या खत नियंत्रण आदेशानुसार खताचा साठा आणि किंमत दुकानासमोर फलकावर लावणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. पेरणीपूर्वीच्या पंधरवड्यात प्रत्येक शाखेने आपल्या बाजारपेठेतील दुकानांचे फलक पाहावेत, पावत्या गोळा कराव्यात, सक्तीने गळ्यात मारलेल्या मालाची यादी करावी आणि ती घेऊन तालुका कृषी अधिकाऱ्याच्या कचेरीत बसावे. एकट्यादुकट्याने नव्हे, बटईदार आणि शेतमजुरांना बरोबर घेऊन.