भरताचं परत वांगं होत नाही

गॅदरिंगचा दुसरा दिवस. हॉल खचाखच भरलेला. आमच्या हॉस्टेलच्या पोरांनी बनवलेली २४ मिनिटांची फिल्म लागणार होती. विषय पाचोरा-जामनेर रेल्वे, म्हणजे आमची लाडकी 'पीजे'. दिवे गेले. इंजिनाचा भोंगा वाजला. रुळांचा खडखडाट सुरू झाला... आणि पडदा काळाच! पहिला अर्धा मिनिट लोकांना वाटलं, ही काहीतरी आर्ट फिल्म असावी. पुढच्या रांगेत कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. मग मागून आमच्या धुळ्याच्या मित्राचा आवाज आला, "काय व्हयनं रे भाऊ?" आणि अख्खा हॉल हसून हसून लोटपोट!

एडिटिंग मी केलं होतं. त्यामुळे 'काय व्हयनं' याचं उत्तर देणं मला भाग आहे.

झालं असं, की आदल्या रात्री तीन वाजता मी एक्स्पोर्टच्या खिडकीत जे जे आकडे मोठे दिसले ते ते निवडले. बिटरेट २५ एमबीपीएस. फाइल झाली साडेचार जीबीची. पेन ड्राइव्हवर टाकायला गेलो तर 'फाइल खूप मोठी आहे' असा संदेश. पेन ड्राइव्ह ३२ जीबीचा, रिकामा, तरी मोठी? कारण तो फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला होता आणि त्या पद्धतीत ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसतच नाही. मग कुणीतरी सुचवलं, एच.२६५ कर, साइज निम्मी होते. केली. माझ्या लॅपटॉपवर झकास चालली. हॉलमधल्या जुन्या लॅपटॉपला मात्र एच.२६५ उलगडता येईना. त्याने आवाज ऐकवला आणि चित्राच्या नावाने हात वर केले.

मित्रहो, यात नशिबाचा काही भाग नव्हता. सगळा गाढवपणा माझा होता. आणि दरवर्षी हाच गाढवपणा वेगवेगळ्या ब्रँचची पोरं करतात, म्हणून हा लेख.

माझं म्हणणं एवढंच आहे : एक्स्पोर्ट हे शेवटी दाबायचं बटण असलं, तरी त्याचा निर्णय सगळ्यात आधी घ्यायचा असतो. कोण बघणार, कशावर बघणार आणि नंतर काय जपून ठेवणार, हे तीन प्रश्न शूटिंगच्या आधी विचारा. आपण इंजिनिअर होणार ना? मग 'हायेस्ट क्वालिटी' वर क्लिक करून देवावर हवाला ठेवणं आपल्याला शोभत नाही. गणित तर चौथीतल्या पोराला जमेल असं आहे. बिटरेट गुणिले सेकंद, भागिले आठ, की मेगाबाइट आले. २४ मिनिटं म्हणजे १४४० सेकंद. ८ एमबीपीएसने १४४० एमबी, म्हणजे दीड जीबीच्या आत. हॉलच्या प्रोजेक्टरसाठी एमपी४ डब्यात एच.२६४, १९२० बाय १०८०, ८ ते १० एमबीपीएस एवढं पुष्कळ झालं. एमपी४ हा नुसता डबा आहे, आत भाजी कोणती हे कोडेक ठरवतो, हे लक्षात ठेवलं तरी निम्मी भांडणं मिटतील.

बाकीच्या रडगाण्यांचंही तसंच. 'मीडिया ऑफलाइन' असं लाल पाटीवर आलं की आपण सॉफ्टवेअरला शिव्या देतो. अहो, प्रोजेक्टच्या फाइलमध्ये व्हिडिओ नसतोच, नुसता पत्ता असतो. पेन ड्राइव्ह काढून मित्राला दिलात तर पत्त्यावर कोण सापडणार? सगळं आधी एका फोल्डरमध्ये घ्या, मग कात्री लावा. मोबाइलवर घेतलेल्या मुलाखतीत विसाव्या मिनिटाला ओठ एकीकडे आणि आवाज दुसरीकडे जातो, त्याचं कारण बहुतेक वेळा हे, की फोन उजेडाप्रमाणे फ्रेमची संख्या कमी-जास्त करत असतो. हँडब्रेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडून आधी एक प्रत काढा आणि ती एडिट करा. एक्स्पोर्ट दरवेळी ६३ टक्क्यांवरच अडकत असेल तर टाइमलाइनवर तिथल्या आसपासची क्लिप किंवा इफेक्ट तपासा, आणि डिस्कवर जागा उरली आहे का तेही बघा. मराठी टायटलमध्ये वेलांट्या भलतीकडे उड्या मारतात तेव्हा प्रीमिअरमधे प्रेफरन्सेस, ग्राफिक्स इथे जाऊन टेक्स्ट इंजिन 'साउथ एशियन' करा आणि युनिकोड फॉण्ट वापरा. 'मराठी येत नाही म्हणून इंग्लिशमध्येच नावं टाकली' ही सबब आता चालणार नाही!

असो. हे सगळं दुरुस्त होण्यासारखं आहे. आमच्या फिल्मचंही झालं. एका सरांनी स्वतःचा लॅपटॉप आणून दिला आणि वीस मिनिटांनी चित्र आलं. पण त्यात जे दुरुस्त होण्यासारखं नव्हतं, ते मला सांगायचं आहे.

फिल्मच्या मध्यावर २००६ सालचं जुनं शूटिंग होतं. काकांनी हँडीकॅमवर घेतलेलं. शेंदुर्णी स्टेशनवर पीजे थांबते, टपावरही माणसं बसलेली, आणि आमचे आबा बाजाराची पिशवी सांभाळत डब्यातून उतरतात. एवढंच दृश्य. पण पडद्यावर आबांचा चेहरा म्हणजे नुसते चौकोन. डोळे कुठले, मिशा कुठल्या, काही कळेना. हॉलमध्ये कुणी हसलं नाही. मला मात्र खाली बघावंसं वाटलं.

कारण तेही मीच केलेलं. २०१८ साली मी सातवीत होतो. काकांच्या कॉम्प्युटरवर त्या टेपची मूळ डीव्ही फाइल होती. चाळीस मिनिटांची, पावणेनऊ जीबीची. मला गेम टाकायला जागा हवी होती. एका कन्व्हर्टरने मी तिची ३२० बाय २४० ची, ९० एमबीची फाइल केली, छोट्या खिडकीत चालवून बघितली, 'सेमच तर दिसतंय' म्हटलं आणि मूळ फाइल डिलीट केली. टेपवर काकांनी आधीच कुणाचं तरी लग्न शूट केलेलं होतं. ७२० बाय ५७६ मधले पाचातले चार पिक्सेल मी असे एका दुपारी फेकून दिले. आबा आता नाहीत. पीजेची ती नॅरोगेज गाडी २०२० साली टाळेबंदीत थांबली ती कायमची. पुन्हा शूट करू म्हणायचीही सोय नाही.

भरीत झालेल्या वांग्याचं परत वांगं होत नाही, हे खान्देशातल्या माणसाने शिकायला इतकी वर्षं लागावीत! दर एक्स्पोर्टमध्ये काहीतरी जातं. म्हणून खायला भरीत करा, पण वांगं शिल्लक ठेवा. व्हॉट्सॲपला छोटी प्रत पाठवा, जमलं तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, पण मूळ शूटिंग आणि एक मोठ्या बिटरेटची मास्टर प्रत दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा. ज्यांच्या घरी अजून मिनी डीव्ही टेप आहेत त्यांनी त्या जशाच्या तशा उतरवून घ्याव्यात. तासाला सुमारे १३ जीबी लागतात, फार नाहीत. पट्ट्या काढणं, रंग सुधारणं, सगळं प्रतीवर करा. आणि ४:३ चं चित्र ताणून १६:९ करू नका, घरचे सगळे उगाच लठ्ठ दिसतात.

काही जण म्हणतील, एवढी साधनं कुठे आहेत आपल्याकडे? त्यांनी शेजारच्या मालेगावकडे बघावं. व्हिडिओ पार्लर चालवणारे नासिर शेख व्हीसीआरवर एडिटिंग शिकले आणि २००० साली त्यांनी 'मालेगाव के शोले' काढला. आपला सिनेमा कोण बघणार, कुठे बघणार, हे त्यांना पक्कं माहीत होतं. आपल्याकडे साधनं त्यांच्या शंभरपट आहेत, विचार मात्र रात्री तीन वाजता सुरू होतो.

दुसरे म्हणतील, गॅदरिंगच्या फिल्मा जपून कुणाला काय करायचंय? पीजेबद्दलही असंच वाटायचं. रोजचीच गाडी, तिचं काय शूटिंग करायचं!

म्हणून दोन मागण्या. गॅदरिंग कमिटीने प्रत्येक फिल्म आठ दिवस आधी हॉलच्याच लॅपटॉपवर लावून बघावी. आणि लायब्ररीत एक हार्ड डिस्क, तिची एक जोडप्रत अशी सोय व्हावी, जिथे दरवर्षीच्या मास्टर प्रती सालासकट राहतील. खर्च एका रात्रीच्या भरीत पार्टीपेक्षा थोडा जास्त येईल. आमच्या रूमवाल्यांची वर्गणी मी आधीच गोळा केली आहे. बाकीच्यांनी आपापलं बघा!