जखम भरली, पण माणूस?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशातील रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली आणि ४,४३,३६६ जखमी झाली. यांतल्या बहुतेक जखमींचा हिशेब डिस्चार्ज कार्डावर संपतो. टाके निघाले, हाड जुळले, एक्स-रे समाधानकारक आला की फाइल बंद. त्या माणसाला जिना चढता येतो का, रात्री झोप लागते का, पुन्हा कामावर घेतले का, चेहऱ्यावरच्या व्रणामुळे तो लग्नकार्यांना जाणे टाळतो का, हे विचारायचे राहूनच जाते.

विचारण्याची साधने मात्र तयार आहेत. ‘ईक्यू-फाइव्ह-डी’ ही प्रश्नावली हिंडणे-फिरणे, स्वतःची काळजी, नेहमीची कामे, वेदना आणि चिंता-नैराश्य या पाच बाबी तपासते. मग रुग्ण स्वतःच आपल्या आजच्या प्रकृतीला ० ते १०० पैकी गुण देतो. जागतिक आरोग्य संघटनेची २६ प्रश्नांची प्रश्नावली नातेसंबंध आणि भोवतालच्या परिस्थितीचीही दखल घेते. पहिलीला काही मिनिटेच पुरतात.

तपासणीच्या प्रत्येक फेरीत ही नोंद झाली, तर कुणाला फिजिओथेरपी हवी, कुणाला समुपदेशन, कुणाला रोजगारासाठी मदत, हे वेळीच कळेल. लिहिता-वाचता न येणाऱ्यांना प्रश्न त्यांच्या बोलीत वाचून दाखवावेत. उत्तर मात्र रुग्णाचेच हवे, सोबतच्या नातेवाइकाचे नव्हे.

डॉक्टरांनो, पुढच्या भेटीत जखमेबरोबर जगण्याचीही चौकशी करा. आणि वाचकहो, ती झाली नाही तर आपणहून बोला. तो तुमचा हक्क आहे.