ओव्याची चिमूट चालेल, तेलाचा थेंब नको

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 ला टेकतो आणि लग्नसराईही तेव्हाच. दुपारच्या पंगतीतली वरण-बट्टी, घोटलेली वांग्याची भाजी उरते, डब्यांतून घरोघरी जाते, रात्री पुन्हा गरम होते. सकाळी निम्म्या गल्लीला जुलाब. मग कुणी मेडिकलमधून दोन अँटिबायोटिक गोळ्या आणतं, कुणी मोबाइलवर वाचून लवंगेच्या तेलाचे थेंब पाजतं. हात जोडून सांगतो, दोन्ही करू नका.

तेलात दम नाही असं नव्हे. ओव्याचं फूल म्हणजे थायमॉल. ते, पुदिन्याचं फूल आणि कापूर एका बाटलीत ठेवले की आपोआप पाणी होतं. हीच आपली अमृतधारा. थायमॉल, लवंगेतलं युजेनॉल, दालचिनीतलं सिनमाल्डिहाइड जंतूच्या अंगावरचा पापुद्रा फाडतात. साल्मोनेला, ई. कोलाय त्याने मरतात, पण प्रयोगशाळेतल्या बशीत. बट्टीच्या तुपात हेच तेल अडकून बसतं. जंतू मरतील एवढं घातलं, तर घास तोंडात धरवणार नाही! शिवाय तासन्‌तास बाहेर राहिलेल्या अन्नात काही जंतू आधीच विष सोडून ठेवतात. ते उकळूनही जात नाही, आणि त्यावर गोळीही चालत नाही, तेलही.

लहान मुलांना तर हे थेंब मुळीच देऊ नका. लवंगेच्या तेलाने यकृत बिघडतं, कापराने झटके येतात. भाकरीत, वरणात ओवा घाला की खुशाल.

तेलांची खरी परीक्षा कोंबड्यांच्या खाद्यात चालली आहे. युरोपने 2006 पासून निव्वळ वाढीसाठी अँटिबायोटिक देणं बंद केलं, तेव्हापासून अशा तेलांकडे अधिक लक्ष वळलं. गुण कधी येतो, कधी नाही. आपल्याकडे कोलिस्टिन हे अँटिबायोटिक 2019 पासून कोंबड्यांना द्यायला बंदी आहे. नवापूर-धुळ्याकडच्या पोल्ट्रीवाल्या भावांनो, खाद्याच्या पोत्यावर काय लिहिलंय ते वाचा, आणि तेल वापरायचं तर पशुवैद्याला विचारूनच.

जुलाब लागले तर ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यात कालवून घोट घोट पाजा. शौचात रक्त, जोराचा ताप, लघवी बंद, किंवा तान्हं बाळ, म्हातारं माणूस, गरोदर बाई असेल तर थेट दवाखाना गाठा. पाकिटावर लाल रेघ असलेली गोळी डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मागू नका. मेडिकलवाला ओळखीचा असला तरी. आणि यजमानीणबाईंनो, डबे भरायचे तर पंगत उठताच भरा. संध्याकाळपर्यंत मांडवात राहिलेलं अन्न कुणाच्या घरी धाडू नका.