उशाशी बसणाऱ्यांना ॲप पुरेल का?

यवतमाळ जिल्ह्यात मानसिक आरोग्याचा विषय निघाला की चर्चा शेतकरी आत्महत्येपासून सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते. २०१५ साली सरकारने बळीराजा चेतना अभियानासाठी उस्मानाबादसोबत हाच जिल्हा निवडला. प्रेरणा प्रकल्पात तर १४ जिल्ह्यांतल्या आशा कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन ताणाखालची माणसे ओळखावीत, असे ठरले. दोन्हींचा रोख शेतकऱ्यावर होता आणि तो असायलाच हवा होता. पण त्याच घरात अर्धांगवायूने पडलेल्या सासूची कूस बदलणारी, सिकलसेलच्या पोराला पाठीवर घेऊन दवाखान्याच्या रांगेत उभी राहणारी, दारूने खंगलेल्या नवऱ्याचे पथ्यपाणी पाहणारी बाई कुठल्याच रकान्यात बसली नाही. रुग्णाचा केसपेपर निघतो, त्याच्या उशाशी बसलेल्याचा निघत नाही.

आता या बाईसाठी एक उपाय मांडला जातो: स्मार्टफोनवरचे ॲप. नैराश्य आल्यावर उपचार करण्यापेक्षा ते येऊच नये म्हणून ॲपने रोज थोडे शिकवावे, मनःस्थितीची नोंद ठेवावी, विचारांची दिशा बदलायला मदत करावी. या मांडणीला आधार आहे. झरी जामणी किंवा उमरखेडच्या टोकाच्या गावातून मानसोपचारतज्ज्ञ गाठायचा तर यवतमाळचे शासकीय रुग्णालय, नाहीतर सावंगी, सेवाग्राम, नागपूर. जाण्यायेण्यात दिवस जातो, मजुरी बुडते आणि मागे रुग्णाजवळ कोण थांबणार हा प्रश्न उरतोच. ॲपला रात्री दोन वाजताही झोप नसते आणि ते गावात बोभाटा करत नाही. हे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. तरीही ते अपुरे आहे, आणि का अपुरे आहे ते नीट पाहिले पाहिजे.

पहिली अडचण फोनचीच. ‘हल्ली घराघरात स्मार्टफोन आहे’ हे वाक्य घराबद्दल खरे असेल, घरातल्या बाईबद्दल नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ग्रामीण स्त्रियांपैकी फक्त २४.६ टक्क्यांनी कधीतरी इंटरनेट वापरल्याचे सांगितले. त्यानंतर आकडा वाढला असणार. पण घरातला फोन दिवसा पोराच्या हातात आणि रात्री नवऱ्याच्या उशाशी असेल, तर ‘मला जगणे नकोसे झाले आहे’ हे ती त्यात कधी आणि कुठल्या धीराने लिहिणार?

दुसरी अडचण टिकण्याची. मानसिक आरोग्याच्या ९३ लोकप्रिय ॲपचा प्रत्यक्ष वापर तपासणारा एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. ॲप घेतल्यावर तिसाव्या दिवशीही ते उघडणाऱ्यांचे मध्यक प्रमाण होते ३.३ टक्के. डाउनलोडचा आकडा दाखवून योजना यशस्वी झाल्याचे सांगणाऱ्यांनी हा दुसरा आकडाही शेजारी लिहावा.

तिसरी अडचण थेट आपल्या विषयावरची आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या रुग्णांच्या घरच्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने ‘आयसपोर्ट’ नावाचा ऑनलाइन कार्यक्रम तयार केला. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेतील अभ्यासकांनी तो भारतीय कुटुंबांसाठी घडवला आणि तपासला. त्याचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. १५१ जणांनी नाव नोंदवले, तीन महिन्यांनंतरच्या तपासणीपर्यंत ५५ उरले. रुग्णाकडे पाहण्याची दृष्टी सुधारली. मात्र नैराश्य आणि सेवेचा भार यांत लक्षणीय फरक दिसला नाही. कार्यक्रम वाईट होता, असा याचा अर्थ नाही. ज्यांना वेळच नाही त्यांना वेळ मागणारा उपाय दिला की काय होते, ते यातून दिसते.

सगळ्यात मोठा आक्षेप त्यापुढचा आहे. कापूस वेचणीच्या हंगामात घरी रुग्ण असल्याने मजुरी बुडते, रात्रीची झोप तुटते, माहेरी लग्नालाही जाता येत नाही, पैशासाठी दिराकडे तोंड वेंगाडावे लागते. अशा बाईला फोन सांगतो, ‘दहा मिनिटे स्वतःसाठी काढा.’ तिच्या दुःखाची कारणे घरात आणि गावात पसरलेली असताना उपाय फक्त तिच्या डोक्यात शोधायचा, आणि तो लागू पडला नाही तर तिनेच धडे पूर्ण केले नाहीत म्हणून मोकळे व्हायचे, ही सोय व्यवस्थेची आहे.

इथपर्यंत वाचून काही जण मान डोलावतील आणि भलत्याच निष्कर्षाला येतील. एक म्हणतील, ‘आईबापाची सेवा हे कर्तव्य, त्यात कसले नैराश्य?’ कर्तव्य म्हणून केलेल्या कामानेही माणूस थकतो. हमालीने पाठ दुखते, तशीच शुश्रूषेनेही दुखते. शिवाय हे कर्तव्य घरात सारखे वाटलेले नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात १५ ते ५९ वयोगटातल्या ४१ टक्के स्त्रिया घरच्यांची देखभाल करताना आढळल्या, पुरुष २१.४ टक्के. करणाऱ्यांतही स्त्रियांचा वेळ दिवसाला सुमारे १४० मिनिटे, पुरुषांचा ७४. यात मुलांचे संगोपनही आले; पण कर्तव्याचे गोडवे गाणाऱ्याने आधी आपल्या वाटणीची मिनिटे मोजावीत. दुसरे म्हणतील, ‘खेड्यातल्या बाईला हे तंत्रज्ञान नकोच.’ हाही अहंकारच. शेतमालाचा भाव, बचत गटाचा हिशेब, पीककर्जाचा संदेश यांसाठी फोन चालतो, मग मनाच्या दुखण्यासाठी का चालू नये?

चालतो; पण माणसाच्या हातात असेल तेव्हा. याचे दाखले लांब शोधायला नकोत. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांमार्फत नैराश्याबद्दल बोलणे आणि आधार देणे सुरू केले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. गोव्यात स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या ८१ कुटुंबांवर झालेला अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. स्थानिक भाषा येणारे, प्रशिक्षण दिलेले सल्लागार सहा महिने साधारण पंधरवड्याला घरी जात. सेवा करणाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य त्याने सुधारले. म्हणजे जे ऑनलाइन धड्यांना जमले नाही, ते उंबरठा ओलांडून आलेल्या माणसाला जमले.

फोन आणि माणूस यांची सांगडही महाराष्ट्रात घातली गेली आहे. नाशिक जिल्ह्यातल्या ४१ गावांत ‘आत्मीयता’ प्रकल्पाने गावातल्याच स्वयंसेवकांना स्मार्टफोन दिले, त्यात छोट्या फिल्म घातल्या. स्वयंसेवकाने त्या दाखवायच्या, मग बोलायचे, ऐकायचे, गरज असेल तर पुढे पाठवायचे. ॲपचे कैवारी स्पेनमधल्या प्रयोगांचा हवाला देतात; पण तिथेही गॅलिसिया प्रांतातल्या अभ्यासकांनी ॲपला फोनवरच्या सामूहिक संवादाची जोड देऊन पाहिली आहे.

यवतमाळपुरते बोलायचे तर तीन गोष्टी कराव्या लागतील. पहिली, रुग्णाच्या घरी जाणाऱ्या आशाताईने ‘आजी कशी आहे?’ यानंतर ‘तुमची झोप कशी आहे?’ हेही विचारावे आणि उत्तराची नोंद व्हावी. ॲप आशाताईच्या फोनमध्ये असावे, इंटरनेट नसतानाही चालावे. त्यात लिहिण्यापेक्षा ऐकणे जास्त असावे. मराठीइतकेच ते पुसद-दिग्रसच्या बंजारा तांड्यांवर गोरमाटीत आणि कोलाम पोडांवर कोलामीत बोलावे. दुसरी, साध्या फोनवरूनही लागणारा, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा मोफत क्रमांक १४४१६ प्रत्येक केसपेपरवर छापावा. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या या सेवेत पलीकडे माणूस बोलतो आणि त्यासाठी स्मार्टफोन लागत नाही. तिसरी, सगळ्यात खर्चाची आणि म्हणून सगळ्यात टाळली जाणारी: आठवड्यातून अर्धा दिवस रुग्णाजवळ बसायला प्रशिक्षित बदली माणूस मिळावा.

‘आशांवर आणखी एक ओझे?’ हा आक्षेप रास्त आहे. मानधनासाठी त्यांना २०२३ आणि २०२४ मध्ये संपावर जावे लागले. म्हणून हे काम फुकट लादायचे नाही. त्याला वेगळा मोबदला हवा, नाहीतर एका थकलेल्या बाईची काळजी दुसऱ्या थकलेल्या बाईवर टाकल्यासारखे होईल. पैसा कुठून आणायचा असे विचारणाऱ्यांनी ॲपच्या निविदेपासूनच सुरुवात करावी: जितका खर्च सॉफ्टवेअरवर, किमान तितका ते घेऊन दारात जाणाऱ्या माणसावर. ही अट मान्य असेल तर ॲपचे स्वागत. मान्य नसेल, तर स्वस्तात सुटायचे आहे एवढे तरी उघड म्हणावे, त्याला प्रतिबंध म्हणू नये.