बुश गेले ते गाडी जुनी म्हणून?

राजेहो, माझी मारुती १६ वर्षांची. अकोला-अकोट रस्त्यानं लोअर आर्मचे बुश वर्षात दुसऱ्यांदा खाल्ले, आता बॉल जॉइंटही वाजते. मिस्त्री म्हणते, "हा तुटला का चाक आडवं!" म्हणजे प्रश्न जिवाचा आहे. अन् सल्ला काय? गाडी विका! १५ वर्षांनंतर पर्यावरण कर घेताना बरी चालते जुनी गाडी. पूर्णाकाठची काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते. खालचा भराव कच्चा ठेवून वरून डांबर फासलं तर लाटा उठणारच. खराब रस्त्यासाठी मोटार वाहन कायद्यात कलम १९८-अ आहे, १ लाखापर्यंत दंड. पण कोणी मेलं किंवा अपंग झालं तरच! विमाही झीज भरत नाही. मत मागणाऱ्यांनी एकदा माझ्या मारुतीत बसून चोहोट्टा बाजारापर्यंत यावं. पुढच्या सीटवर.