हळदकुंकू आणि वंगण

‘यंत्र जुनं झालं की बिघडायचंच,’ हे वाक्य आपल्याकडे इतक्या गंभीरपणे उच्चारले जाते, की ते उपनिषदातले आहे असे ऐकणाऱ्याला वाटावे. माझा या वाक्याला सक्त विरोध आहे. यंत्र जुने झाल्यामुळे बिघडत नाही. ते आपल्या ताब्यात आल्यामुळे बिघडते. हे मी ऐकीव सांगत नाही. म्हसळ्याला माझ्या मालकीचा अर्धा पॉवर टिलर आहे. उरलेला अर्धा वहिनींचा. चालू असतो तो अर्धा वहिनींचा आणि बंद पडतो तो माझा, एवढी वाटणी ठरलेली आहे.

ज्यांनी टिलर पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पुढे एका सिलिंडरचे डिझेल इंजिन, खाली दोन चाके, मागे माती घुसळणारी पाती आणि त्यांच्याही मागे दोन लांब दांडे. पाठीमागे एक बसायची सीटही असते. तीवर बसल्याबरोबर तीस वर्षे कारकुनी केलेल्या माणसालाही आपण जमीनदार असल्याचा भास होतो. हा भास पहिल्या उतारापर्यंत टिकतो. एरवी डावा क्लच दाबला की टिलर डावीकडे वळतो. उतारावर मात्र तोच क्लच दाबला की सुटलेले चाक मोकळे धावते आणि स्वारी जाते उजवीकडे. डावीकडे जाण्याची घोषणा करून उजवीकडे जाणारे मी पुष्कळ पाहिले आहेत, पण त्यांपैकी कोणी मला बांधावरून खाली घातले नव्हते.

आता हा जुना टिलर आम्ही घेतला का? 2020 सालच्या 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ शेजारच्या श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्याला धडकले. वहिनींच्या परड्यातल्या सुपाऱ्या काडेपेटीतल्या काड्यांसारख्या मोडल्या, कलमे मुळासकट आडवी झाली. सुपारीचे झाड आज लावले की उद्या सुपाऱ्या देत नाही. मधली वर्षे काढायची ती भातावर. दादा मुंबईला, मुले मुंबईला, बैल केव्हाच विकलेले, आणि खाचरे एवढीएवढीशी, की मोठा ट्रॅक्टर त्यात उतरला तर वळायला शेजाऱ्याची परवानगी लागावी. तेव्हा टिलर हवाच होता, आणि नवा परवडत नव्हता.

पहिल्याच पावसाळ्यात त्याने रंग दाखवला. रंग म्हणजे अक्षरशः रंग: काळाकुट्ट. धूर असा, की लांबून कोणाला वाटावे आगबोट चुकून खाडी सोडून खाचरात शिरली. जोर मात्र काही नाही. चिखलात पाती रुतली की इंजिन एक सुस्कारा टाकून गप्प.

ताबडतोब सल्लागार जमले. त्यांचे तीन पंथ असतात. पहिला ‘विकून टाका’वाल्यांचा, आम्हाला तो ज्यांनी विकला ते याच पंथाचे होते. दुसरा ‘बैलासारखं सुख नाही’वाल्यांचा. यांचा मुक्काम बहुधा डोंबिवलीला असतो आणि बैलाशी संबंध कॅलेंडरावरच्या चित्रापुरता. तिसरा सर्वांत महाग, ‘इंजिन उतरवा’वाल्यांचा. बोलावलेल्या मिस्त्रींनी दुरून धूर पाहिला, टिलरला हातही न लावता मान हलवली आणि म्हणाले, “काका, रिंगा गेल्या, पिस्टन गेला, बोअर करायला लागेल. इंजिन ठेवून जा, पंधरा दिवसांनी बघू.” खर्च सांगितला तो टिलरच्या किमतीच्या निम्मा.

पंधरा दिवस! राबातला तरवा वीस-पंचवीस दिवसांचा झाला की त्याला लावणीची घाई असते. तो थांबून राहिला की पुढे फुटवे कमी, आणि फुटवे कमी म्हणजे लोंब्या कमी. मिस्त्रींचे पंधरा दिवस वहिनींना वर्षभर जेवताना आठवले असते.

वहिनींनी पैसे मोजून पाहिले, पुरेनात, आणि पदर खोचून त्या टिलरजवळ गेल्या. “भावोजी, हे डबडं कसलं?” हवेच्या फिल्टरचे ते डबडे. आत तेल असते; हवेतली धूळ त्या तेलात बसावी आणि स्वच्छ हवा इंजिनात जावी, अशी योजना. आम्ही झाकण काढले. तेलाची लापशी झाली होती आणि वर कुंभारीण माशीने घर बांधले होते. इंजिन बिचारे नाकात बोळे घालून चिखलणी करत होते! जाळी डिझेलने धुतली, खुणेपर्यंत नवे तेल भरले, आणि काळा धूर निम्मा झाला.

मग आम्हाला चटक लागली. इंजिनाकडून गिअरकडे जाणारे पट्टे बोटाने दाबले तर वाळत घातलेल्या धोतरासारखे सैल. इंजिन बारा घोड्यांचे, पण मधल्या मधे पट्ट्यावरूनच निम्मे घोडे घसरून पडत असावेत. ते ताणून बसवले. पात्यांकडे वळण्यापूर्वी इंजिन बंद केले. हे मुद्दाम सांगतो, कारण फिरत्या पात्यांना आपल्या वयाची वा शिक्षणाची भीड नसते. काही पाती झिजून लहान झालेली, तर दोन-तीन चक्क उलटी: धार मागे, पाठ पुढे. म्हणजे आम्ही माती कापत नव्हतो, तिला धपाटे घालत होतो. शेवटी टाकी. अर्धी रिकामी टाकी दमट हवेत महिनोन्‌महिने पडली की आत पाणी सुटते आणि ते तळाशी बसते. ते काढले, नळीतली हवा सोडली. सगळा खर्च एका बऱ्यापैकी आहेराएवढा. लावणी वेळेवर झाली.

माझा आरोप मिस्त्रींवर नाही. धूर निळा येत असता, तेल जळत असते, हँडल फिरवताना इंजिनात दमच लागत नसता, तर इंजिन उतरवणे हाच शहाणपणा होता. पण स्वस्त ते आधी पाहावे आणि महाग ते शेवटी, हा साधा क्रम आपल्याला का सुचू नये? माझा आरोप आपणा सर्वांवर आहे. बैलाचे शेण, डोळे, खांद्यावरचा वळ रोज पाहणारे आपण. त्याच घरात यंत्र आले की आपली नजर कुठे जाते? काळ्या धुराने ते हवा मागते किंवा ओझे जास्त झाल्याचे सांगते, निळ्याने तेल जळतेय म्हणते, पांढऱ्याने डिझेल नीट जळत नाही किंवा पाणी शिरलेय म्हणते. याहून स्पष्ट तर आमच्या हापिसातले साहेबही बोलत नसत.

1903 च्या सुमारास लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होईल म्हणून शेतकरी तो घ्यायला घाबरत होते. आपण त्यांना हसतो. पण लोखंडाला काहीच लागत नाही, ना तेल, ना हवा, ना नजर, ही आपली समजूत त्याहून कमी अडाणी आहे काय? माहितीपुस्तक मळू नये म्हणून रेशनकार्डाशेजारी कपाटात, आणि हात मळू नयेत म्हणून आपण ओटीवर! वर्षातून एकदा दसऱ्याला यंत्राला हार घालतो, हळदकुंकू वाहतो, आणि तेही नेमके त्या डबड्याच्या झाकणावर, कारण तीच जागा सपाट असते.

गेल्या दसऱ्याला मी तबक घेऊन टिलरपाशी गेलो. वहिनींनी माझ्या हातातले तबक काढून घेतले आणि तेलाचे फडके ठेवले.

“कुंकू मी लावते, भावोजी,” त्या म्हणाल्या. “तुम्ही आधी झाकण उघडा.”