लांब पल्ल्याची धांव

धांवणें ही निसर्गानें मनुष्यास दिलेली शक्ति आहे. लांब पल्ला धांवणें ही मात्र त्यानें स्वतः कमावलेली शक्ति आहे. पहिलीचें श्रेय आपणांकडे नाहीं. दुसरीचें श्रेय आणि तिची जबाबदारी हीं दोन्ही आपलींच आहेत. हा भेद ध्यानांत न घेतां जो तरुण केवळ उपजत बळाच्या भरंवशावर मॅरेथॉनच्या रस्त्यावर उतरतो, तो आपल्या पायांचाच घात करून घेतो, असें आमचें स्पष्ट मत आहे. आणि तेंच या लेखांत विद्यार्थिमित्रांपुढें मांडावयाचें आहे.

हा विषय काढण्यास कारणही तसेंच आहे. २०१२ सालापासून सातारा येथें डोंगरावरची अर्ध-मॅरेथॉन भरूं लागली. यवतेश्वराचा घाट चढून कासच्या रस्त्यानें जावयाचें आणि पुन्हां साताऱ्यास उतरावयाचें, असा हा २१ किलोमीटरांचा मार्ग आहे. या शर्यतीनें साऱ्या जिल्ह्यांत धांवण्याची आवड वाढविली, आणि आपला मेढा गांव त्यास अपवाद नाहीं. ही गोष्ट आनंदाचीच होय. परंतु अर्धी शर्यत पुरी झाली कीं लगेच पूर्ण मॅरेथॉनची भाषा सुरू होते, आणि तेथेंच विचार करण्याची वेळ येते. पूर्ण मॅरेथॉन म्हणजे ४२ किलोमीटर १९५ मीटर, म्हणजेच २६ मैल ३८५ यार्ड. मेढ्याहून निघावें, कण्हेरच्या जलाशयाच्या बाजूनें साताऱ्यास जावें आणि न थांबतां माघारें फिरावें, इतका सुमारें हा पल्ला आहे. अर्धीची दुप्पट म्हणजे पूर्ण, हें गणितांत खरें. शरीराच्या बाबतींत तें खरें नाहीं.

याचें कारण शरीरशास्त्र सांगतें. आपल्या अन्नांतील पिष्टाचा कांहीं भाग ग्लायकोजेनच्या रूपानें स्नायूंत आणि यकृतांत सांठविला जातो. धांवतांना हा सांठा झपाट्यानें खर्च होतो, आणि तो अमर्याद नाहीं. सामान्यतः ३० ते ३२ किलोमीटरांच्या सुमारास तो संपत येतो. मग चरबीवर भागवावें लागतें, आणि चरबीपासून शक्ति सावकाश मिळते. पाय शिशासारखे जड होतात, मन खचूं लागतें, आणि उरलेले दहा-बारा किलोमीटर मागच्या तीसांहून मोठे वाटतात. अर्ध-मॅरेथॉन जेथें संपते तेथें ही परीक्षा सुरूच झालेली नसते. मुंबईच्या मॅरेथॉनमध्यें पेडर रोडचा चढ नेमका या शेवटच्या भागांत येतो. केळघरच्या घाटाची संवय असलेल्या मुलाला एरव्हीं तो चढ म्हणून जाणवणारही नाहीं. परंतु ३५ किलोमीटर धांवून आलेल्या पायांना तोच घाटाहून उंच होतो.

१९०८ सालच्या लंडन येथील ऑलिंपिक शर्यतीचें उदाहरण सुप्रसिद्ध आहे. आज जें अंतर प्रमाण मानितात तें प्रथम त्याच शर्यतीसाठीं विंडसर राजवाड्यापासून क्रीडांगणांतील राजघराण्याच्या आसनापर्यंत ठेवलें गेलें, आणि पुढें १९२१ सालीं तें कायम झालें. त्या दिवशीं इटलीचा दोरांदो पिएत्री हा सर्वांच्या अगोदर क्रीडांगणांत शिरला. परंतु त्याच्या अंगांत त्राण उरलें नव्हतें. तो भलत्याच दिशेस वळला आणि पुनःपुन्हां कोसळला. अधिकाऱ्यांनीं त्याला हात देऊन शेवटच्या रेषेपार नेलें, आणि दुसऱ्याची मदत घेतली म्हणून त्याला बाद ठरविण्यांत आलें. सव्वीस मैलांची कमाई शेवटच्या कांहीं यार्डांत गेली!

याच्या उलट उदाहरण आपल्या बाजूच्या बेळगांवनें दिलें आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या सामन्यांत शेतावर राबणारीं मुलें अनवाणी धांवतांना सर दोराबजी टाटा यांनीं पाहिलीं. त्या मुलांना युरोपांतील नियम ठाऊक नव्हते, शास्त्रीय शिक्षण मिळालें नव्हतें. तरी त्यांच्यांतील कित्येकांची चपळाई पाहून टाटा थक्क झाले. त्यांनीं पुढाकार घेतला, आणि १९२० सालीं अँटवर्पच्या ऑलिंपिकला हिंदुस्थानचा संघ गेला. त्या संघांत बेळगांवचे फडेप्पा चौगुले होते. अँटवर्पची मॅरेथॉन ४२ किलोमीटर ७५० मीटरांची, म्हणजे आजच्या अंतराहून अर्ध्या किलोमीटरानें अधिक होती. फिनलंडच्या हान्नेस कोलेमाइनेन यानें ती २ तास ३२ मिनिटें ३५ सेकंदांत जिंकली. चौगुले २ तास ५० मिनिटें ४५ सेकंदांत एकोणिसावे आले. त्याच शर्यतींत उतरलेले सदाशिव दातार यांस ती पुरी करतां आली नाहीं.

पदकांच्या यादींत एकोणिसाव्या क्रमांकाला जागा नसते. तरीही परक्या देशांत, परक्या हवेंत, जगांतील निवडक धांवपटूंच्या मेळ्यांत ज्यानें तो पल्ला शेवटपर्यंत नेला, त्याची योग्यता कोण कमी लेखील? आणि दातारांचाही आम्ही कमीपणा मानीत नाहीं. ऑलिंपिकपर्यंत पोंचलेल्या वीरालाही जी शर्यत सोडावी लागते, ती किती कठीण असेल, एवढेंच त्यावरून आपण शिकावयाचें.

यावर कोणी म्हणतील, “आमच्या डोंगरी मुलांना धांवण्याची शिकवणी कशाला? चढउतार त्यांच्या रक्तांतच आहे.” हें बोलणें ऐकण्यास गोड, परंतु परिणामीं घातक आहे. आपल्याच जिल्ह्यांतील उदाहरण घ्या. माणच्या दुष्काळी मुलखांतील मोही गांवच्या ललिता बाबर यांनीं २०१२, २०१३ आणि २०१४ अशीं लागोपाठ तीन वर्षें मुंबईच्या मॅरेथॉनमध्यें भारतीय स्त्रियांत पहिला क्रमांक मिळविला. पुढें त्या ३,००० मीटरांच्या अडथळ्यांच्या शर्यतीकडे वळल्या. २०१४ सालीं आशियाई क्रीडास्पर्धेंत त्यांनीं कांस्यपदक मिळविलें, आणि २०१६ सालीं रिओच्या ऑलिंपिकमध्यें अंतिम फेरी गांठून दहावा क्रमांक पटकाविला. माणच्या माळरानानें त्यांना पाय दिले असतील. परंतु त्या माळरानावर हजारों मुलें वाढतात, आणि ऑलिंपिकची ती अंतिम फेरी एकीनेंच गांठली. मधलें अंतर रक्तानें नव्हे, वर्षानुवर्षांच्या शिस्तीनें कापलें गेलें.

नेमकी हीच शिस्त आपल्याकडे दुर्मिळ आहे. गांवोगांवीं जत्रा-जयंत्यांच्या निमित्तानें रस्त्यावरच्या शर्यती होतात आणि त्यांस रोख बक्षिसें असतात. गरीब घरच्या मुलाला तो मोह आवरत नाहीं, व त्याला दोषही देतां येत नाहीं. परंतु चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा किरकोळ रकमेसाठीं डांबरी रस्त्यावर दर आठवड्यास एक शर्यत धांवूं लागला, तर त्याच्या वाढत्या हाडांचें काय होईल? आज नडगी दुखेल, उद्यां गुडघा; आणि ज्या वयांत खरी धांव सुरू व्हावयाची त्या वयांत तो मैदान सोडून बसेल. मुंबईच्या पूर्ण मॅरेथॉनमध्यें अठरा वर्षांखालील कोणासही प्रवेश नाहीं. हा नियम विनाकारण केलेला नाहीं. जुन्या काळीं टपालाचे हलकारे रानावनांतून डाक नेत. परंतु तेही टप्प्याटप्प्यानें. एकाचा टप्पा संपला कीं थैली दुसऱ्याच्या खांद्यावर जाई. उद्यांही धांवावयाचें आहे, हें ते विसरत नसत.

मग करावें काय? ज्यानें अठरा वर्षें पुरीं केलीं आहेत आणि ज्याला डॉक्टरांनीं तपासून अनुमति दिली आहे, त्यानें पहिल्या पूर्ण मॅरेथॉनसाठीं निदान एक वर्षाची मुदत स्वतःला द्यावी. आठवड्याचें एकूण अंतर एकदम न वाढवितां फार तर दहाव्या हिश्श्यानें वाढवावें. आठवड्यांत लांब धांव एकच असावी, आणि तीही अशा वेगानें कीं सोबत्याशीं बोलतां यावें. ती क्रमाक्रमानें ३० किलोमीटरांच्या जवळ न्यावी. शर्यतीपूर्वीच्या दोन-तीन आठवड्यांत धांवणें कमी करावें. कारण झिजलेले स्नायू विश्रांतींतच भरून निघतात. शर्यतीच्या दिवशीं नवे बूट नकोत आणि संवयीचें नाहीं असें अन्न नको. पहिले दहा किलोमीटर मनाला लगाम घालून, आपणांस साधतो त्याहून कमी वेगानें धांवावें. पाणी तहानेप्रमाणें प्यावें. भीतीपोटीं एकसारखें पाणी पीत गेल्यास रक्तांतील मिठाचें प्रमाण घटून जिवावर बेतूं शकतें. छातींत दुखूं लागलें किंवा भोंवळ आली तर तत्क्षणीं थांबावें. अशा वेळीं थांबण्यांत लाज नाहीं. न थांबण्यांत मूर्खपणा आहे.

आणखी एक आक्षेप राहतो, आणि तो अधिक वजनदार आहे. ज्या डोंगरांतून आयाबाया मोळ्या डोक्यावर घेऊन रोज चढतात-उतरतात, तेथें हौसेखातर बेचाळीस किलोमीटर धांवणें हा रिकामटेकडेपणा नव्हे काय? आमचें उत्तर असें: त्या माउलींचे कष्ट गरजेनें लादलेले आहेत आणि ते थोर आहेत, धांवपटूचे कष्ट त्यानें आपण होऊन पत्करलेले असतात. त्यांचें मोल पदकांत किंवा छायाचित्रांत नाहीं. कोणी पाहत नसतां, पहांटेच्या थंडींत, वर्षभर आपलाच शब्द आपण पाळला, ही जी मनाची कमाई, तीच त्यांतील खरी मिळकत. ज्यानें हें बंधन निभावलें, त्याला शेतींत, नोकरींत किंवा अभ्यासांत दूरचें काम हातीं घेण्यास भय वाटत नाहीं.

म्हणून आमची सूचना एवढीच. शाळेंत शिकणाऱ्या मुलामुलींनीं आज मॅरेथॉनचें नांव न काढतां तीन-चार किलोमीटर मातीच्या वाटेनें आनंदानें धांवावें. शाळांनीं पहिल्या तिघांबरोबर शेवटपर्यंत पोंचणाऱ्या प्रत्येकाचें नांव वार्षिक समारंभांत वाचावें. ज्यांच्या अंगीं विशेष गुण दिसेल त्यांना रोख बक्षिसांच्या मागें न सोडतां जाणत्या शिक्षकाच्या हातीं द्यावें. आणि पुढें वय व तयारी दोन्ही पुरीं झाल्यावर जो कोणी पहिल्या पूर्ण मॅरेथॉनच्या आरंभरेषेवर उभा राहील, त्यानें मनांत एकच हेतु धरावा: घड्याळ काय सांगतें हें न पाहतां, स्वतःच्या पायांनीं, शुद्धींत आणि हंसतमुखानें शेवटची रेषा ओलांडावयाची. पहिल्या मॅरेथॉनचा विजय तो हाच. त्याहून मोठे विजय हवे असतील तर ते त्यानंतरच्या रस्त्यावर आहेत.